शहामृगाचा उजवा पाय

सुचिता कोळी भांडकुदळ आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे उगाच कुणी तिला गरीब गाय समजायला नको. माणसं प्लॉटवरून भांडतात, पार्किंगवरून भांडतात, सोसायटीच्या पाण्यावरून तर रोजच भांडतात. ही बाई भांडायची हाडांवरून. तीही पक्ष्यांच्या. कुणी म्हणालं, हे बगळ्याचं हाड आहे, की ही चष्मा कपाळावर चढवायची आणि म्हणायची, "कोण म्हणतं?" आणि मग सुरू.

बेलापूरला एका कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवते आणि तिथलं म्युझियम सांभाळते. कॉलेजचं नाव कशाला घ्या, त्याचा ह्या गोष्टीत काही दोष नाही. सुचिता मूळची तिथलीच, दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली. बाप नामदेव खाडीत डोलीचं जाळं लावायचा, आई टोपली घेऊन बेलापूरच्या सेक्टरांतून मासे विकत फिरायची. जेवण झालं की मांजरीला टाकायच्या आधी ही पोरगी काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावायची, पाठीचे वेगळे, पोटाचे वेगळे. आई करवादायची, "मेलीला जेवताना पन खेल सुचतो!" त्याच खेळात मेलीची डॉक्टरेट झाली. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. करंजाड्याला एक फ्लॅट घेतला, आणि एपीएमसीतून आणलेल्या हापूसच्या रिकाम्या पेट्यांत हाडं भरून अर्धा हॉल अडवला.

तिला आपलं म्हणावं असं माणूस बापाशिवाय एकच होतं. स्मिता पेंढारकर. वाशीच्या सोसायटीत वाढलेली, वागायला गोड, बोलायला त्याहून गोड. दोघी एमएस्सीपासून एका बाकावर बसलेल्या, पुढे एकाच कॉलेजात लागलेल्या. भांडण सुचितानं करायचं आणि ते स्मितानं मिटवायचं, अशी दोघींची वाटणीच होती. सुचिताची आई गेली तेव्हा दिवाळ्यातल्या बायकांच्या घोळक्यात बसून स्मितानं भाकऱ्या थापल्या होत्या. एकही धड गोल नव्हती, पण थापल्या होत्या. अशा मैत्रिणीवर संशय घ्यायचा तर माणसाचं मन कुजकं हवं, आणि सुचिताची जीभ तिखट असली तरी मन तसं नव्हतं.

तर शहामृगांची गोष्ट.

पनवेलच्या पुढं एका रिसॉर्टवाल्यानं हौसेनं शहामृगांची जोडी पाळली होती. लोक फोटो काढायचे, पोरं पाव टाकायची. आठ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आधी मादी गेली, पाठोपाठ नर गेला. रिसॉर्टवाल्याला दोन्ही धुडांचं करायचं काय हा प्रश्न, आणि सुचिताला तर लॉटरीच लागली. तिनं टेम्पो पाठवून दोन्ही पक्षी उचलून आणले. तिथला माळी जाता जाता म्हणाला, "मॅडम, ह्यो नर बारकेपणापासनं जरा लंगडायचा." एवढं वाक्य सुचिताच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढं त्यानंच घात केला.

मोठ्या जनावराची हाडं साफ करायची तर कुणी जमिनीत पुरतं, कुणी उकळतं. सुचिताची पद्धत घरची होती. जुन्या डोलीच्या बारीक जाळ्याच्या पिशव्या शिवायच्या, एकेका पिशवीत एकेक जनावर भरायचं आणि नामदेवनं खाडीत रोवलेल्या खांबांना बांधून टाकायचं. भरती येते, ओहोटी जाते, चिंबोऱ्या आणि बारीक मासळी रात्रंदिवस राबते. दोन-अडीच महिन्यांत हाड असं पांढरं निघतं की बघत राहावं. नामदेवची अट एकच होती. नारळी पुनवेला घरच्या खांबांवर मेलेलं काही लटकता कामा नये. दर्याला नारळ द्यायचा आणि त्याच्याच दारात मढं टांगून ठेवायचं, हे त्याच्या घरात चालत नव्हतं. पिशवीतलं काम झालेलं असो नसो, आदल्या दिवशी ती बाहेर आलीच पाहिजे. सुचिता त्याच घरची, तिला ह्यात वावगं काही वाटत नव्हतं.

त्या वर्षी नेमका पुनवेच्या आठवड्यात तिला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स धडाधड खाली आल्या, हॉस्पिटलात टाकावं लागलं. पिशव्या काढायला तिच्याऐवजी स्मिता गेली. कॉलेजात म्युझियमच्या नव्या दालनाचं उद्घाटन तोंडावर आलेलं, आणि मधोमध उभा करायला शहामृगच हवा, असं वरून सांगून ठेवलेलं. सुचिता घरी आली तेव्हा स्मितानं उशाशी बसून मोसंबं सोलता सोलता बातमी दिली.

"मादीची पिशवी फाटली गं. खाडीनं नेली सगळी. पण नर अख्खा मिळालाय. टवकासुद्धा उडालेला नाही."

मादी गेली म्हणून सुचिता चक्क रडली. अंगात ताप होता म्हणा. स्मितानं तिचे डोळे पुसले, तोंडात मोसंब्याची फोड घातली आणि म्हणाली, "अगं, एक तर आहे ना!"

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सुचिता काठी टेकत दालनात गेली. शहामृग उभा होता. स्मितानं तारा ओवून, खिळे ठोकून, अगदी ऐटीत उभा केला होता, एक पाय पुढं टाकून, चालल्यासारखा. सुचितानं त्याला एक फेरी घातली, दुसरी घातली, आणि मग ती खाली बसली.

"स्मिते, हे बघ! मांडीची हाडं दोन्हीकडं सारखी आहेत. पण नडगीपासून खाली उजवा पाय आखूड आहे. आणि लांबीच्या मानानं जाड! डावा बघ, उजवा बघ!"

स्मिता तारेचं एक टोक आत वळवत राहिली.

"माळी म्हणाला होता ना, लंगडायचा म्हणून? लहानपणी पाय दुखावला असेल आणि हाडानंच जुळवून घेतलं असेल. एकाच पक्ष्याचे दोन पाय, आणि एवढा फरक! कळतंय का तुला, काय हाती लागलंय आपल्याला?"

"असेल," स्मिता म्हणाली. तेवढंच.

सुचिता एवढी का हरखली, ते आता सांगायला हवं. आपल्याकडं शहामृग होते. हजारो वर्षांपूर्वी ह्याच महाराष्ट्रात हिंडत होते. त्यांच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे सापडतात, हाडं मात्र क्वचितच. डॉ. दिलीप खांबेटे म्हणून एक प्राध्यापक. हळू बोलणारे, चष्म्याला दोरी लावणारे. त्यांना गोदावरीच्या एका उपनदीच्या दगडगोट्यांत अशा जुन्या शहामृगाचा पाय मिळाला होता. मांडी लांब, पण खालचा पाय आखूड आणि जाड. आफ्रिकेत आज जे शहामृग फिरतात त्यांच्यापैकी कुणाच्याच पायाचं प्रमाण असं नसतं. म्हणून खांबेट्यांचं म्हणणं, की ही वेगळी जात होती आणि ती आता नामशेष झाली.

सुचिताला हे पटत नव्हतं. "जिवंत शहामृगांत काय कमी फरक असतात?" ती म्हणायची. "नर मादीपेक्षा थोराड. सोमालियाकडचा वेगळा, खाली दक्षिणेकडचा वेगळा. कुणाच्या बाहेरच्या बोटाला नख असतं, कुणाच्या नसतं. पिंजऱ्यात वाढलेल्याची तर तऱ्हाच निराळी. एक पाय सापडला की लगेच नवी जात? एका चपलेवरून अख्खं गाव ओळखल्यासारखं झालं हे." आणि आता तिच्या दालनात, काचेच्या आत, एक परवापरवापर्यंत पाव खाणारा शहामृग उभा होता, ज्याचा उजवा पाय हुबेहूब खांबेट्यांच्या हाडासारखा होता. म्हणजे खांबेट्यांचा पक्षीसुद्धा एखादा साधा लंगडा शहामृग असू शकतो. मिटला विषय.

तिनं पेपर लिहिला. पहिल्यावर दोघींची नावं होती. दुसऱ्या पेपरच्या वेळी स्मितानं स्वतःहून आपलं नाव काढायला लावलं. "काम तुझं आहे गं. मी फक्त तारा ओवल्या. श्रेय तुलाच मिळू दे." आजच्या जमान्यात असं कोण करतं? सुचिताला भरून आलं. त्या दिवाळीला तिनं स्मितासाठी पैठणी घेतली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, की मैत्रीण असावी तर अशी.

खांबेट्यांनी एकदाच तोंड उघडलं. एका परिषदेत भर सभेत ते उठले आणि हळूच म्हणाले, "हे दोन्ही पाय एकाच पक्ष्याचे आहेत, ह्याची खात्री केलीत ना?"

सुचिताचं डोकंच सटकलं. माइक धरून ती म्हणाली, "सर, हा पक्षी माझ्या बापानं स्वतःच्या हातानं खाडीत बांधला आणि माझ्या मैत्रिणीनं स्वतःच्या हातानं बाहेर काढला. तुमचा विश्वास कुणावर नाही, माझ्या बापावर की माझ्या मैत्रिणीवर?"

सगळं सभागृह हसलं. खांबेटे कानापर्यंत लाल झाले आणि खाली बसले. त्यांची नवी जात कुणी मनावर घेतली नाही. पोरं त्या जातीला 'लंगडी जात' म्हणू लागली, आणि ते ऐकून सुचितालाही हसू यायचं. हसली होती, हे तिला पुढं फार लागलं.

अशी वर्षं गेली. मग गेल्या हिवाळ्यात बातमी आली, की खांबेट्यांना त्याच नदीकाठी आणखी एक पाय मिळालाय. पुन्हा तसाच, मांडी लांब आणि खालचा पाय आखूड. डिसेंबरात वाशीला परिषद होती, ते तिथं तो मांडणार होते. सुचितानं पदर खोचला. ह्या खेपेला खांबेट्यांना बोलायला जागाच ठेवायची नाही, असं तिनं ठरवलं. आपल्या शहामृगाच्या दोन्ही नडग्या आतूनसुद्धा दाखवायच्या, म्हणजे एकाच पक्ष्यात हाडाची जाडी कशी बदलते, ते चित्रातच दिसेल. तिनं तारा सोडवल्या, दोन्ही नडग्या चादरीत गुंडाळल्या आणि ओळखीच्या एका स्कॅन सेंटरवर घेऊन गेली.

मशीनवरच्या पोरीनं पडद्यावर चित्र आणलं आणि थट्टेनं विचारलं, "मॅडम, पेशंटला झालंय काय?"

सुचिता पडद्याजवळ सरकली. डाव्या नडगीच्या आत स्वच्छ पोकळी होती. उजव्या नडगीच्या पोकळीत मात्र भिंतींना लागून बारीक, जाळीदार, भुसभुशीत थर होता. तो काय आहे, हे तिला विचारायची गरज नव्हती. वर्गात दरवर्षी ती हेच तर शिकवत होती. अंडी घालायच्या दिवसांत पक्ष्याची मादी कवचासाठी लागणारा चुना हाडांच्या पोकळीत साठवते. फक्त मादी. नराच्या हाडात हा थर कधी म्हणजे कधीच नसतो.

"पेशंटचा एक पाय बाईचा आहे," ती शेवटी म्हणाली. पोरगी खुदकन हसली. सुचितानं नडग्या चादरीत गुंडाळायला घेतल्या.

काही रोग असेल, असं तिनं मनाला समजावून पाहिलं. जखमेमुळं हाड आतून भरतं कधीकधी. पण ते असं भरत नाही, हे तिचं तिलाच ठाऊक होतं. तिनं रिक्षा सरळ दिवाळ्याला घ्यायला लावली.

नामदेव ओटीवर बसून फाटकी जाळी सांधत होता. आता तो खाडीत जात नाही, गुडघे गेलेत, पण हात रिकामे राहत नाहीत. समोर सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे तो अधूनमधून शिव्या देऊन हाकलत होता.

"बाबा," ती चपला न काढताच म्हणाली, "त्या वर्षी शहामृगाच्या पिशव्या काढताना तू होतास ना? मी हॉस्पिटलात होते तेव्हा?"

"हां. पुनवेच्या आदल्या दिशी. का गं?"

"मादीची पिशवी कशी फाटली?"

"मादीची?" नामदेवनं सुई थांबवली. "मादीची कशाला फाटंल? नराची फाटली. चिखलात रुतली व्हती. दुसऱ्या दिशी नारल, मना घाई. वढली जोरानं, त फाटली नि एक पाय गुडग्याखालचा गेला व्हवून. मी लय शोधला, चिखलात कमरेपर्यंत उतरून शोधला. नाय गावला."

सुचिता पायरीवर बसली.

"मंग स्मिता बोलली, बाबा, मादीचा पाय लावू, कुनाला काय कलतंय. मी बोललो, सुचिताला कलंल. तिला सांग हां पोरी, तिचा काम हाय ता. त ती बोलली, बरी होऊ दे, मी सांगते." नामदेवनं लेकीच्या तोंडाकडं नीट पाहिलं. "नाय सांगला तिनं?"

"आणि बाकीची मादी?"

"गोनीत भरून मागं पुरली. तीच बोलली, पुरा." त्याच्या हातातली जाळी खाली पडली. "आई शप्पथ पोरी, मना वाटला तुला म्हाईत हाय. तू कदी इषय काडला नाय, मी बी नाय काडला. पाय माज्या हातनं गेलेला, मना लाज वाटायची."

बापावर राग यावा असं सुचिताला फार वाटलं. बापावर रागावणं सोपं होतं. दोन दिवस बोलली नसती, तिसऱ्या दिवशी आली असती जेवायला. पण राग त्याच्यावर येईना. त्यानं घाई केली, ती पुनवेसाठी. त्यानं निरोप दिला होता, आणि निरोप ज्या बाईकडं दिला तिच्यावर तर सुचितानं स्वतःच विसंबून आयुष्य काढलं होतं. कमरेपर्यंत चिखलात उतरलेला म्हातारा तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"तुझी चूक नाय बाबा," ती म्हणाली आणि तशीच उठली.

दुसऱ्या दिवशी ती स्मिताच्या केबिनमध्ये गेली. स्मिता आता विभागप्रमुख झाली होती, पुढच्या वर्षी प्राचार्य होणार असं सगळे धरूनच चालले होते. सुचितानं दार लावलं आणि स्कॅनचं चित्र टेबलावर ठेवलं. स्मितानं ते पाहिलं. हे काय आहे, असं तिनं विचारलं नाही. तिनं नुसता श्वास सोडला, आणि सुचिताला सगळं कळून चुकलं.

"तू आजारी होतीस गं," स्मिता म्हणाली. "उद्घाटन तोंडावर होतं. एका पायाचा शहामृग उभा करायचा होता का मी?"

"मग बरी झाल्यावर?"

"सांगणारच होते. पण तू दालनात आलीस आणि इतकी खूश झालीस... इतक्या दिवसांनी हसताना पाहिलं होतं तुला. माझ्यानं बोलवेना."

"आणि पेपर लिहिला तेव्हा? खांबेट्यांना भर सभेत लाज आणली तेव्हा? तू माझ्या शेजारच्याच खुर्चीत होतीस, स्मिते. मी म्हणाले, माझ्या मैत्रिणीनं स्वतःच्या हातानं काढला. तू टाळी वाजवलीस!"

"दिवसेंदिवस अवघड होत गेलं गं. तुला दुखवायचं नव्हतं मला."

हे गोड बोलणं ऐकताना सुचिताच्या मनात एकदम काहीतरी लख्ख झालं, आणि तिला वाटलं, हे सुचलं नसतं तर बरं झालं असतं.

"दुसऱ्या पेपरवरून नाव का काढलंस?"

स्मितानं स्कॅनचं चित्र उलटं करून ठेवलं.

"श्रेय मला मिळावं म्हणून?"

स्मितानं टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडं ठेवला.

"म्हणजे कधी ना कधी हे बाहेर येणार, हे तुला माहीत होतं. आलं की सगळं माझ्या एकटीच्या अंगावर यावं, म्हणून बाजूला झालीस तू. आणि मी पैठणी घेतली तुला! गावभर सांगत फिरले, मैत्रीण असावी तर अशी! केसानं गळा कापलास गं माझा." एवढं बोलून सुचिता रडली. भांडायला आलेली बाई, रडू आल्याचा तिला स्वतःचाच संताप आला. पाय बदलला हे तिनं गिळलं असतं. अडचणीत माणूस काहीतरी करून बसतं. पण नाव काढायला लावणं हे अडचणीतलं नव्हतं, ते शांत डोक्यानं केलेलं होतं, आणि वर त्याला प्रेमाचं नाव दिलेलं होतं.

स्मिता उठून जवळ आली, पाणी दिलं. तिचेही डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं. "ऐक," ती म्हणाली. "परिषदेत तू फक्त सांग, की पक्षी एक नाही, दोन आहेत, आणि निष्कर्ष मागं घे. पाय मी बसवला, हे मी स्वतः उभी राहून सांगते. तू माझं नाव घेऊ नकोस. मला माझ्या तोंडानं सांगू दे. एवढं तरी करू दे मला."

"नक्की?"

"आईची शपथ."

आणि सुचितानं विश्वास ठेवला. हसा खुशाल. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात जाते होय?

वाशीचं सभागृह गच्च भरलं होतं. खांबेटे पहिल्या रांगेत, चष्मा दोरीला लोंबकळत. स्मिता त्याच रांगेत टोकाला, आणि अंगावर ती पैठणी. ती पाहून सुचिताला बरं वाटलं. आठवणीनं नेसून आली, म्हणजे बोलणार. सुचिताला दुसरं काही नको होतं. नाव तर तिचं बुडतच होतं, आयुष्यभर हाडांवरून दुसऱ्यांना धारेवर धरणारी बाई स्वतःच तोंडघशी पडणार होती. ते ती सोसणार होती. पण हे तिच्या बापानं केलं नाही आणि तिनंही जाणूनबुजून केलं नाही, एवढं कुणीतरी, म्हणजे स्मितानं, मोठ्यानं म्हणावं, एवढीच तिची आस होती.

ती उभी राहिली आणि आडवळणं न घेता बोलली. स्कॅन दाखवला. उजवी नडगी मादीची आहे. उजव्या मांडीच्या हाडाखाली नराचा पाय नाहीच, मादीचा आहे, म्हणून ते प्रमाण तसं दिसत होतं. खरा नर घ्या, खरी मादी घ्या, कुठल्याच जिवंत शहामृगाचा पाय खांबेटे सरांच्या हाडासारखा नाही. "मी माझे दोन्ही पेपर मागं घेते," ती म्हणाली. "सर, तुम्ही मला बरोबर प्रश्न विचारला होता. मी तुम्हाला हसले. चुकले मी, मला माफ करा."

सभागृहात कुजबुज झाली. खांबेटे उठले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद अजिबात नव्हता, उलट ते ओशाळल्यासारखे दिसत होते. "मॅडम, माफी वगैरे नको," ते म्हणाले. "फक्त नोंदीसाठी विचारतो. हा पाय बदलला कसा?"

सुचितानं स्मिताकडं पाहिलं.

स्मिता उठली. पदर सावरत उठली, आणि शेजारच्या माणसाकडून तिनं माइक मागून घेतला. सुचिताच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या क्षणी तिनं स्मिताला माफसुद्धा करून टाकलं, सगळं, पेपरवरच्या नावासकट.

"विभागप्रमुख म्हणून मी दोन शब्द बोलते," स्मिता म्हणाली. आवाज नेहमीसारखाच गोड. "सुचिता मॅडमनी आज जो प्रामाणिकपणा दाखवला, तो दुर्मिळ आहे. आपण सगळ्यांनी त्यांचं कौतुक करायला हवं. पाय कसा बदलला, म्हणाल, तर हाडं खाडीत, घरगुती पद्धतीनं साफ केली होती. त्यांच्या घरचीच माणसं होती, बिचारी आपल्या परीनं करतात, पण त्यांना काय कळणार कुठलं हाड कुणाचं? दोष कुणाचाच नाही. यापुढं आमच्या विभागात ही पद्धत बंद केली जाईल." आणि माइक काखेत धरून तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

सगळ्यांनी वाजवल्या. सभागृह दणाणलं. टाळ्या संपेपर्यंत सुचिता व्यासपीठावर तशीच उभी राहिली, आणि संपल्यावर स्मिता खाली बसायला लागली.

"स्मिता, बसू नकोस," सुचिता म्हणाली. तिला माइक लागला नाही, आईचा आवाज होता तो, तीन सेक्टरांपलीकडं ऐकू जाणारा. "पाय कुणी बसवला, आणि माझ्या बापानं तुला मला काय सांगायला सांगितलं होतं, एवढं सांग आणि मग बस."

खांबेटे उभेच होते, ते मागं वळले. रांगेतल्या सगळ्या माना टोकाकडं फिरल्या. स्मितानं सुचिताकडं पाहिलं, मग हातातल्या माइककडं पाहिलं.

मग तिनं माइक शेजारच्या माणसाच्या हातात परत दिला, पदर सावरला, आणि ती बसली.